विश्लेषण : वॉर्डात कच्च्या ठरणाऱ्या नर्सिंग विद्यार्थ्यांना नापास करणे इतके अवघड का?

लेखी परीक्षेत चांगले गुण मिळवणारी विद्यार्थिनी रुग्णाच्या खाटेशी उभी राहिली की गडबडते, औषधाची मात्रा चुकवते किंवा नाडी न मोजताच तक्त्यावर आकडा लिहून मोकळी होते. तरीही प्रात्यक्षिकात ती उत्तीर्ण होते आणि यथावकाश परिचारिका म्हणून तिची नोंदणी होते. शिकवणाऱ्यांना हे दिसत नाही असे नाही, मात्र दिसूनही ‘नापास’ असा शेरा लिहिताना हात थांबतो. जगभरातील परिचर्या शिक्षणाला छळणारा हा प्रश्न महाराष्ट्रातील रुग्णालयांतही आहे. त्यामागची कारणे काय?

प्रश्न नेमका काय आहे?

बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, तर जीएनएमचा तीन वर्षांचा. दोन्हींत मोठा काळ रुग्णालयात जातो. मेडिसिन, सर्जरी, प्रसूती कक्ष, बालरोग, मनोरुग्णालय, सामुदायिक आरोग्य अशा ठिकाणी काही आठवड्यांच्या ‘पोस्टिंग’ असतात आणि प्रत्येक पोस्टिंगअखेर विद्यार्थ्याचे मूल्यमापन होते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते आणि त्यासाठी किमान ५० टक्के गुण लागतात. पदवी हाती पडण्यापूर्वी प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या विभागांतील हजेरी १०० टक्के भरलेली असावी लागते. कागदावर ही चाळणी बारीक आहे. प्रत्यक्षात हजेरी मोजणे सोपे असते आणि कौशल्य मोजणे कठीण, त्यामुळे चाळणीतून जे अडते ते बहुधा हजेरीवर अडते.

‘नापास करण्यातील अपयश’ हा शब्दप्रयोग कुठून आला?

कॅथलीन डफी यांनी २००३ मध्ये स्कॉटलंडमधील अभ्यास प्रसिद्ध केला. वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या परिचारिका (तेथे त्यांना तेव्हा ‘मेंटॉर’ म्हणत) आणि विद्यापीठातील अध्यापक यांच्याशी बोलून त्यांनी एकच गोष्ट तपासली : विद्यार्थी सक्षम नाही हे कळत असताना त्याला पुढे का ढकलले जाते? पहिल्या वर्षी ‘आत्ता तर सुरुवात आहे, सुधारेल’ म्हणून आणि तिसऱ्या वर्षी ‘इतके शिकून झाले, आता कुठे अडवायचे’ म्हणून, अशी त्यातून पुढे आलेली उत्तरे ओळखीची वाटतील. म्हणजे अडवण्याची योग्य वेळ कधी येतच नाही. संशयाचा फायदा आरोपीला द्यावा हे न्यायालयात ठीक आहे. येथे तो फायदा रुग्णाच्या खात्यातून दिला जातो.

यानंतर ‘नर्सिंग टाइम्स’ या ब्रिटिश नियतकालिकाने २०१० मध्ये केलेल्या पाहणीत, सुमारे ३७ टक्के मेंटॉरनी शंका असतानाही विद्यार्थ्यांना उत्तीर्ण केल्याचे मान्य केले. २०१२ मध्ये लुईझ हंट आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील २७ विद्यापीठांची आकडेवारी तपासली. लेखी भागात नापास होणाऱ्यांचे प्रमाण प्रात्यक्षिकापेक्षा सुमारे पाचपट होते आणि साधारण पाव विद्यापीठांत प्रात्यक्षिकात एकही विद्यार्थी नापास झाला नव्हता. पुस्तकी अभ्यासापेक्षा रुग्णसेवा पाचपट सोपी आहे, असा याचा अर्थ कोणीही परिचारिका काढणार नाही.

लेखी परीक्षेसारखे मोजमाप वॉर्डात का जमत नाही?

दोन साधी उदाहरणे पाहू. आपल्याकडे इन्शुलिन दोन तीव्रतांत मिळते, एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट. त्यासाठीच्या सिरिंज वेगळ्या, टोपणांचे रंगही वेगळे. ४० साठी लाल, १०० साठी नारिंगी. वीस युनिट द्यायचे असताना १०० तीव्रतेचे इन्शुलिन ४० च्या सिरिंजमध्ये विसाच्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातात. रक्तशर्करा झपाट्याने खाली येते आणि रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. औषध देतानाचे नियम (योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ, योग्य मार्ग) उत्तरपत्रिकेत पाठ म्हणून उतरवणारा विद्यार्थी पहाटे सहा वाजता, तीस रुग्णांच्या वॉर्डात, नाश्त्याच्या गाडीआधी इन्शुलिन देताना हे पाळतो का, हे कळण्यासाठी त्या वेळी कोणीतरी त्याच्या शेजारी उभे असावे लागते. शेजारी शिक्षिका उभी असली की तो पाळतोच. ती नसताना काय होते, हा खरा प्रश्न आणि तोच दृष्टीआड राहतो.

दुसरे उदाहरण श्वसनाच्या दराचे. तो पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो. तब्येत बिघडू लागल्याची चाहूल पुष्कळदा रक्तदाबाच्या आधी श्वसनातून लागते. मात्र घाईच्या वॉर्डात अनेक तक्त्यांवर सगळ्या रुग्णांचे श्वसन एकसारखे, मिनिटाला वीस, लिहिलेले दिसते. दमेकरी आजोबा आणि हाड मोडलेला विशीतला तरुण, दोघेही वीस!

या दोन चुका एका जातीच्या नाहीत. सिरिंजची चूक अज्ञानातून किंवा गोंधळातून होते. ती शिकवून सुधारता येते. न मोजता लिहिलेला आकडा हा वृत्तीचा प्रश्न आहे. आणि मूल्यमापनाचे तक्ते पहिल्या प्रकारासाठी बनवलेले असतात. त्यांत ड्रेसिंग, कॅथेटर, बिछाना, नोंदी यांचे रकाने सापडतात. प्रामाणिकपणासाठी फार तर ‘व्यावसायिक वर्तन’ असा एखादा रकाना आणि त्याला पाच गुण. विद्यार्थिनीने पाचांपैकी दोन मिळवले तरी एकूण बेरजेत ती आरामात तरते. रुग्णासाठी सर्वांत धोकादायक असलेला दोष गुणांच्या बेरजेत सर्वांत स्वस्त ठरतो, ही या पद्धतीची मोठी उणीव म्हणावी लागेल.

महाराष्ट्रात हे मूल्यमापन कोण करते?

महाविद्यालयाच्या शिक्षिका अर्थात पाठ्यनिर्देशिका किंवा क्लिनिकल इन्स्ट्रक्टर हे काम करतात. प्रात्यक्षिक परीक्षेला त्यांच्या जोडीला बाहेरील परीक्षक असतो. बीएस्सीच्या परीक्षा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात. पण विद्यार्थ्याला सकाळ-दुपार प्रत्यक्ष पाहतात त्या वॉर्डातील अधिपरिचारिका आणि परिसेविका, म्हणजे बोलीभाषेत सिस्टर आणि इनचार्ज सिस्टर. त्यांचे मत महत्त्वाचे, पण औपचारिक वजन थोडे. ज्या बघतात त्यांच्या हाती गुण नाहीत आणि ज्यांच्या हाती गुण आहेत त्यांना दिवसातील थोडा वेळच बघायला मिळते, अशी ही विभागणी आहे.

परिषदेच्या निकषांनुसार दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत. हे गुणोत्तर पाळले गेले तरी दहा विद्यार्थी बहुधा दोन-तीन वॉर्डांत विखुरलेले असतात. जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी एकाच वेळी अनेक महाविद्यालयांचे गट असले, की एका खाटेभोवती चार-पाच गणवेश दिसतात. अशा वेळी एखाद्याला कॅथेटर घालण्याची संधी सत्रभरात जेमतेम एक-दोनदा मिळते. लॉगबुकमध्ये मात्र ठरावीक संख्येने त्या प्रक्रियेची नोंद आणि शिक्षिकेची सही लागते. मग पोस्टिंग संपताना वह्यांचा गठ्ठा येतो आणि एका बैठकीत सह्या होतात. ही पद्धत या क्षेत्रात कोणालाच नवी नाही. पण एकदा सही झाली, की तोच कागद पुढे त्या शिक्षिकेच्या विरोधात पुरावा ठरतो : ‘तुम्हीच तर सक्षम म्हणून सही केलीत.’

मग शिक्षिका शेरा लिहायला का कचरतात?

पहिले कारण पुराव्याचे. ‘हिचे काम बरे नाही’ ही भावना आणि ‘नापास’ हा निर्णय यांच्यामध्ये नोंदींचा पूल लागतो. ‘वागणूक असमाधानकारक’ या शेऱ्याला काही अर्थ नसतो. अमुक तारखेला, अमुक खाटेवरील रुग्णाची ड्रेसिंग करताना निर्जंतुक हातमोजा खाटेच्या कठड्याला लागला, सांगूनही बदलला नाही, त्याच दिवशी दुपारी विद्यार्थिनीशी बोलणे झाले, तिची सही घेतली, अशी नोंद हवी. ती त्याच दिवशी लिहावी लागते, आठवड्याने आठवून नव्हे. परीक्षांच्या निकालात न्यायालये सहसा शिक्षकांच्या जागी स्वतःचे मत बसवत नाहीत. पण विद्यार्थ्याला आधी सांगितले होते का, सुधारण्याची संधी दिली होती का, नियम पाळले का, हे विचारले जाऊ शकते. डफी यांच्या अभ्यासातही हेच पुढे आले होते. प्रक्रियेतील त्रुटीमुळे निर्णय फिरण्याची शक्यता असते आणि एकदा तोंडघशी पडलेली शिक्षिका पुढच्या वेळी त्या फंदात पडत नाही.

दुसरे कारण वेळेचे. पोस्टिंग चार आठवड्यांची असेल तर पहिला आठवडा ओळखीत जातो, दुसऱ्यात शंका येते, तिसऱ्यात खात्री पटते. चौथ्यात सांगितले तर ‘आधी का नाही सांगितले?’ हा विद्यार्थ्याचा प्रश्न रास्त असतो. पुढच्या वॉर्डात शिक्षिका नवी, तक्ता कोरा. आधीच्या शिक्षिकेने कानावर घालावे, तर पूर्वग्रहाचा आरोप. न घालावे, तर पुन्हा तीन आठवडे वाया. या पेचावर तोंडी उत्तर नाही. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याची मूल्यमापन नोंदवही एका पोस्टिंगहून दुसऱ्या पोस्टिंगला त्याच्याबरोबर जाते, म्हणजे जे आहे ते उघड असते आणि विद्यार्थ्यालाही वाचता येते.

तिसरे कारण नोकरीचे, आणि त्याबद्दल कमी बोलले जाते. खासगी महाविद्यालयांत निकालाची टक्केवारी ही प्रवेशाची जाहिरात असते. कंत्राटी शिक्षिकेने दोन विद्यार्थ्यांना अडवले तर प्रश्न विद्यार्थ्यांना नव्हे, तिला विचारला जातो. त्यातच ओळखीतून येणारा फोन असतो, पालक दारात येऊन उभे असतात. ते पालकही खोटे नसतात. शेतावर किंवा दागिन्यांवर कर्ज काढून मुलीला शिकवणाऱ्या घराला एक सत्र वाया जाणे म्हणजे काय, हे शिक्षिकेला चांगले माहीत असते. अनेकदा ती स्वतः त्याच वाटेने आलेली असते.

आणि मग उरतो मनावरचा ताण. ज्या व्यवसायाचा पाया काळजी घेणे हा, त्यातील व्यक्तीला ‘तू यासाठी योग्य नाहीस’ असे विशीतील मुलीला समोर बसवून सांगायचे असते. अनेकींना ते स्वतःच्या शिकवण्याचे अपयश वाटते. डॉक्टर, प्रशासन, रुग्णाचे नातेवाईक यांच्याशी ठामपणे बोलणाऱ्या सिस्टर या एका संभाषणापुढे नरमतात.

विद्यार्थी दबाव आणतात का?

काही आणतात. हंट यांच्याच गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा विद्यार्थ्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. काही गोड बोलून, मदत करून, भेटवस्तू देऊन जवळीक साधतात. काही मूळ विषयावरून लक्ष हटवतात. घरची अडचण, आजारपण, मागच्या वॉर्डातील अन्याय असे काहीतरी पुढे येते. तिसरे शिक्षिकेचीच बदनामी करतात, ‘त्या माझ्यावर डूख धरून आहेत’ असे वरिष्ठांना सांगतात. आणि चौथे थेट धमकावतात. आपल्याकडच्या शिक्षिकांना यात फारसे नवे काही वाटणार नाही. भेटवस्तूच्या जागी गावाकडची आंब्याची पेटी असेल इतकेच. मात्र या वर्गवारीचा वापर सावधपणे करायला हवा. घरची अडचण सांगणारा प्रत्येक विद्यार्थी विषय टाळत नसतो.

प्रत्येक कच्चा विद्यार्थी खरोखर कच्चा असतो का?

नसतो, आणि शिक्षिकांची खरी कसोटी येथे लागते. पाठ्यपुस्तके व परीक्षा इंग्रजीत, रुग्णाशी बोलणे मराठीत, ड्युटी बदलताना सिस्टर एकमेकींना रुग्णांची माहिती देतात ती मराठी-हिंदी-इंग्रजीच्या मिसळीत. मराठी माध्यमातून आलेली मुलगी तोंडी परीक्षेत इंग्रजी प्रश्नापुढे गप्प राहते. तोच प्रश्न मराठीत विचारला तर हातातील ट्रेकडे बोट दाखवून बरोबर उत्तर देते. उलट बाजूने, केरळमधून किंवा ईशान्य भारतातून आलेली विद्यार्थिनी पुस्तकी प्रश्नांना सफाईने उत्तरे देते, पण ‘पोटात कळ येतेय, बाई’ म्हणणाऱ्या आजींचे म्हणणे तिला पुरते कळत नाही. पहिल्या मुलीचे ज्ञान कमी समजले जाते आणि दुसरीची अडचण लपून राहते.

मुलग्यांचा प्रश्न निराळा. प्रसूती कक्षात त्यांना कित्येकदा कोपऱ्यात उभे केले जाते आणि नंतर अनुभव नाही म्हणून गुण कापले जातात. शिवाय मनुष्यबळाची चणचण असलेल्या रुग्णालयांत विद्यार्थी म्हणजे जादा हात. नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे, बिछाने घालणे, सगळ्या वॉर्डाचे ताप-नाडी घेणे यात पोस्टिंग संपते. जे शिकवलेच नाही त्याची परीक्षा घेऊन विद्यार्थ्याला कच्चा ठरवणे अन्यायाचे आहे. म्हणून नापास करण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर असायला हवीत : याला ही गोष्ट करून दाखवली होती का, आणि स्वतः करण्याची संधी किती वेळा मिळाली?

ब्रिटनने यावर काय केले?

तेथील परिचर्या व सुईण परिषदेने २००६ मधील मानकांत अंतिम पोस्टिंगसाठी ‘साइन-ऑफ मेंटॉर’ ही व्यवस्था आणली. विद्यार्थी नोंदणीसाठी सक्षम आहे, यावर शेवटची सही तिची. म्हणजे जबाबदारीला एक नाव मिळाले. पण शिकवणारी आणि जोखणारी व्यक्ती एकच राहिली, आणि ज्या मुलीबरोबर आठवडे काढले तिलाच अडवण्याचा संकोचही राहिला. २०१८ च्या मानकांनी ही दोन कामे वेगळी केली. वॉर्डात शिकवतो तो ‘प्रॅक्टिस सुपरवायझर’, मूल्यमापन करतो तो ‘प्रॅक्टिस असेसर’. एकाच विद्यार्थ्यासाठी दोन्ही भूमिका एका व्यक्तीकडे देता येत नाहीत. विद्यापीठाच्या बाजूने तिसरी व्यक्ती असते आणि पुढच्या टप्प्यावर पाठवण्याची शिफारस दोघांनी मिळून करायची असते. निर्णय एकटीच्या खांद्यावर राहत नाही. याची उणी बाजू अशी की, असेसर विद्यार्थ्याला कमी पाहतो आणि सुपरवायझरच्या नोंदींवर अवलंबून राहतो. त्या नोंदी गुळमुळीत असतील तर प्रश्न फक्त एक खुर्ची पुढे सरकतो.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांचा या व्यवस्थेशी थेट संबंधही येतो. ब्रिटनमध्ये नोकरीसाठी जाणाऱ्या भारतीय परिचारिकांना संगणकावरील चाचणीनंतर ‘ऑस्की’ ही प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. वेगवेगळ्या स्थानकांवर ठरावीक वेळेत, परीक्षकासमोर, ठरावीक निकषांवर कृती करून दाखवायची असते. ही पद्धत मुळात वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी रोनाल्ड हार्डन यांनी डंडी येथे १९७५ च्या सुमारास मांडली. तेथे लॉगबुकमधील सही कामी येत नाही.

भारतातील नव्या नियमांनी काय बदलेल?

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलून सत्र पद्धत आणली. तो क्षमताधारित आहे आणि मूल्यमापनात ‘ऑस्की’चाही समावेश आहे. सर्वांना सारखाच प्रश्न, सारखाच वेळ आणि सारखीच गुणतालिका असल्याने शिक्षिकेवरील व्यक्तिगत रोषाचा आरोप बोथट होतो. पण ‘ऑस्की’त दिसते ते विद्यार्थी काय करून दाखवू शकतो, कोणी पाहत नसताना तो काय करतो, हे नव्हे. पुतळ्याचे श्वसन कोणीही प्रामाणिकपणे मोजतो. वॉर्डातील रोजच्या निरीक्षणाला त्यामुळे पर्याय उरत नाही.

१९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदा मंजूर केला. संस्थांचे मूल्यांकन आणि मानांकन करणाऱ्या स्वतंत्र मंडळाची तरतूद त्यात आहे. हे मंडळ तपासणीला जाईल तेव्हा काय मागते, यावर पुष्कळ अवलंबून राहील. खाटांची संख्या, इमारतीचे क्षेत्रफळ आणि निकालाची टक्केवारी मागितली, तर महाविद्यालये तेच तयार ठेवतील. पोस्टिंगच्या मध्यावर किती विद्यार्थ्यांना लेखी इशारा दिला, त्यांच्यासाठी सुधारणेचा काय आराखडा केला, त्यातील कितीजण सावरले आणि कितींना पुन्हा पोस्टिंग करावी लागली, ही वही मागितली तर शिक्षिकांचा हात मोकळा होईल. प्रात्यक्षिकाचा सलग शंभर टक्के निकाल हा अभिनंदनाचा नव्हे, चौकशीचा विषय मानायला हरकत नाही.

पण यासाठी शिक्षिकेला वेळ लागतो, आणि परिसेविकेलाही. ब्रिटनच्या जुन्या व्यवस्थेत अंतिम पोस्टिंगमधील साइन-ऑफ मेंटॉरला प्रत्येक विद्यार्थ्यासाठी आठवड्याला एक तास रुग्णसेवेतून मोकळा दिला जाई, फक्त त्याच्या प्रगतीबद्दल बोलण्यासाठी आणि लिहिण्यासाठी. आपल्याकडील परिसेविकेच्या दिवसात औषधांची मागणी, राउंड, चादरींचा हिशेब, रजेवरील सिस्टरची बदली व्यवस्था हे सारे असते. विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेला तास सहसा नसतो.